वजीफ्यासाठी एक धडा

शेरवानी माझा दोस्त माधवराव याच्याकडून उसनी आणलेली होती आणि गळ्याशी आवळत होती. समोर मोहतमीम साहेब, म्हणजे शाळाखात्याचे मोठे अधिकारी, माझ्याकडे रोखून पाहत होते. एम.ए.साठी हैदराबादेत दोन वर्षं निजाम सरकारचा वजीफा, शिष्यवृत्तीच ती, आणि त्याबदल्यात पुढे पाच वर्षं सरकार पाठवील तिथं मास्तरकी. पण आधी नांदेडच्या या शाळेत पाचवीच्या पोरांना एक धडा शिकवून दाखवायचा, तोही उर्दूतच. नाही जमलं तर सोमवारपासून उदगिरात चन्नबसप्पांच्या अडतीवर कारकुनी. वडिलांनी तसा शब्दच देऊन ठेवला होता.

माठातलं पाणी गार का होतं, हा विषय. माझी उर्दू फर्डी होती. दहा मिनिटं बोललो. चौथीपर्यंत मराठीत शिकलेली ती पोरं नुसती बघत राहिली. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, पण इथं गाढव मीच. तोंडून मराठीतच निघून गेलं, "अरे, माठ बाहेरून ओला का असतो?"

एकदम दहा हात वर. पाणी पाझरतं, वाऱ्यानं उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं. एक जण म्हणाला, "मास्तर, आंग धुतल्यावर हुडहुडी भरती, तसंच हाय का?"

"हाव, तसंच!" मी इतका खूश झालो की साहेबांचा विसरच पडला. आठवण झाली तेव्हा मनात आलं, गेला वजीफा!

पोरं गेल्यावर साहेबांनी विचारलं, "उर्दू क्यों छोडी?"

"साहेब, त्यांना समजून न्हाई राहिलं."

ते बराच वेळ लिहीत बसले. मग मोडक्या मराठीत म्हणाले, "आपल्या बोलीत कोणी पण शिकवतो. वजीफा देतो. पण नोकरी वरंगलकडं. तिथं पोरं तेलुगू बोलतात. बाहेर जाऊन विचार कर, मग सही कर."

बाहेर आलो. मला तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं. डोळ्यांपुढे तशीच नुसती बघणारी पोरं आली, आणि या वेळी माझ्या तोंडून निघायला काहीच नव्हतं. भीती वाटली. अडत बरी, असंही क्षणभर मनात आलं.

दाराशी देगलूरचा चपराशी बसला होता. घरी तेलुगू बोलणारा. त्याला विचारलं, "'समजलं का' याला तुमच्यात काय म्हणतात?"

"अर्थमैंदा?"

दोनदा म्हणून पाहिलं. तो हसला आणि तिसऱ्यांदा नीट म्हणायला लावलं. मग आत जाऊन सही केली.