अंजनाबाईंची सही

मित्रांनो, मी मोहर्लीची एक जुनी सफारी-जीप आहे. आज माझी चाकं मातीत रुतली आहेत आणि अंगावर भाताच्या तणसाचा ढीग आहे. पण एके काळी ताडोबाच्या गेटवर सकाळी पहिला नंबर माझा असे.

गावातल्या रोशननं मला बँकेच्या कर्जातून घेतलं. बँकेला जामीन हवा होता. शेजारच्या अंजनाबाई तेव्हा वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या नोकरीतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांची सारी पुंजी त्याच बँकेत ठेव म्हणून होती. लेक दिव्याला नर्स करायचं, म्हणून त्यांनी ती राखली होती.

"मावशी, तू फक्त सही कर. हप्ते मी भरतो," रोशन म्हणाला.

"माह्या हातचं जेवून मोठा झाला तू. तुले नाई कसं म्हणू?" असं म्हणत बाईंनी सही केली.

दोन वर्षं सुखाची गेली. रोशन रोज मला ओल्या फडक्यानं पुसायचा. वाघीण दिसली की पर्यटक त्याची पाठ थोपटायचे आणि मला वाटायचं, माझीच थोपटली.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्यानं महागडी मोटारसायकल घेतली आणि एक हप्ता चुकवला. काहीच झालं नाही. मग दुसरा चुकवला. माझ्याच सीटवर बसून मित्र सांगायचे, "निवडणूक आली का सारं माफ होते. भरनारा येडा." रोशन हसायचा. मला वाईट याचं वाटे की त्याच्याकडे पैसे होते. सकाळ-संध्याकाळ दोन्ही फेऱ्या भरून जात होत्या. तो बँकेचे फोन कापू लागला, पुढे नंबरच बदलला.

बँकेची माणसं मला शोधू लागली, तेव्हा त्यानं मला सासऱ्यांच्या, सोमाजींच्या गोठ्यात आणून लपवलं. माझ्यासोबत त्याची कमाईही बंद पडली. आता तर त्याला खरंच भरता येईना.

एके दुपारी अंजनाबाई आणि दिव्या गोठ्यात आल्या. रोशन तिथेच होता.

"बँकेनं माही ठेव कर्जात वळती केली, बाबू," बाई म्हणाल्या.

"मले वाटलं, ते नुसते कागद पाठवतात," रोशन पुटपुटला.

"अडचण होती त सांगाचं होतं. दोघं मिळून बँकेत गेलो असतो."

"अडचण नव्हती, मावशी," तो खाली मान घालून म्हणाला.

दिव्या इतकंच बोलली, "परवा फी भराची शेवटची तारीख हाय."

त्या फीसाठी रोशननं मोटारसायकल विकायला काढली. गिऱ्हाईक मिळालं, तेव्हा तारीख उलटून आठ दिवस झाले होते.

दिव्या आता एका रिसॉर्टमध्ये चादरी धुते. हे रोशननंच काल सोमाजींना सांगितलं. बँकेत स्वतः जाऊन त्यानं माझा ठावठिकाणाही कळवला आहे. उद्या ते मला न्यायला येतील. ठेव वळती होऊनही उरलेल्या कर्जासाठी माझा लिलाव होईल, पण अशा गंजल्या गाडीचे कितीसे येणार?

मित्रांनो, मोडलेली जीप दुरुस्त होते, उलटलेली तारीख परत येत नाही. तुमच्यासाठी कुणी सही केली, तर त्या माणसापासून तोंड लपवू नका. अंजनाबाई अजून रोशनला जेवायला बोलावतात. त्यालाच त्या घराची पायरी चढवत नाही.