वाळूत रुजलेली फांदी

मुलांनो, डोळे मिटा आणि वेई नदीचा धक्का समोर आणा. काठाला वाळुंजांची रांग आहे, पण एकाही झाडाला खालच्या फांद्या नाहीत. निघणाऱ्यांना देऊन देऊन संपल्या. तिथल्या भाषेत वाळुंज म्हणजे ‘लिऊ’, आणि ‘राहा’ यालाही शब्द ‘लिऊ’च. बादशहाच्या हुकमापुढे तोंड उघडता येत नाही. मग जे बोलायचं ते फांदी बोलते.

पाच वर्षांच्या रुइन्यांगने बाबांच्या खांद्यावर बसून फांदी तोडली आणि त्यांच्याच हातात दिली. ते सरहद्दीवर पहाऱ्याला निघाले होते.

“एवढीशीच? मला वाटलं, झाडच बांधतेस पाठीवर.”

“हसू नका. मी काय म्हणाले, सांगा.”

“राहा म्हणालीस.”

“मग ऐका हं माझं.”

पहाऱ्याची पाळी दोन वर्षांची होती. चौथं सरत आलं तेव्हा शेजारचा मंगकाका त्याच ठाण्यावरून परतला, एक पाय गमावून. त्याने कागदाची घडी आईच्या हातात ठेवली. बाबांनी कवितेची एकच ओळ लिहिली होती: ‘लेकीची फांदी वाळूत रुजली, दुपारी तिची सावली माझ्या दारात पडते.’

रुइन्यांग टाळ्या पिटू लागली. “आई, जगली बघ माझी फांदी.”

आई मात्र एका शब्दापाशीच अडली होती. “भाऊजी, पहाऱ्यावरच्या शिपायाला दार कुठलं?”

काकाने पेजेचा वाडगा खाली ठेवला. “जमिनी दिल्यात वहिनी, घरं दिलीत. मरेपर्यंत तिथंच वसायचं, असा हुकूम आहे. मी लंगडा झालो म्हणून सुटलो.”

“आणि बायकामुलांनी?”

“त्यांचं हुकमात नाव नाही.”

मग रुइन्यांग हळूच म्हणाली, “मीच सांगितलं त्यांना, राहा म्हणून. कुठे राहा, तेवढं सांगायचं राहिलं.”

“गप बस,” आई म्हणाली. “फांदीनं माणसं थांबत असती, तर काय हवं होतं?”

रुइन्यांगला ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावरून नवी तुकडी निघत होती. कुणाची तरी लहानगी दगडावर चढून, टाचा उंचावून फांदीला हात घालत होती. रुइन्यांग धावत गेली, तिला दगडावरून खाली ओढलं, खोडाला पाठ लावून उभी राहिली, आणि ती पोर रडरड रडली तरी तिला झाडाला हात लावू देईना.