तीन शर्टांचा वेळ

आबांचं इस्त्रीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. चाळीस वर्षं त्या टेबलाशी उभं राहून आबांना एवढं कळत होतं, की कापडाला नुसतं बोट लावून ते किती आच सोसेल ते सांगायचे. मागच्या वर्षी घशाचा कॅन्सर निघाला, तेहतीस वेळा रेडिएशन झालं, आणि आबा बरे झाले. आवाज तेवढा घोगरा राहिला, आणि तोंडचं पाणी पळालं ते खरोखरच पळालं. लाळ सुटेना. पाण्याची बाटली कायम हाताशी लागायची.

"दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात," आबा सुनेला म्हणायचे, "माझ्याकडे दात आहेत, चणेही आहेत, थुंकी नाही."

लाळ म्हणजे दातांची राखण, ती गेली की कीड झपाट्याने लागते, आणि रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात उपटणं म्हणजे दुखणं विकत घेणं, असं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यांनी आबांच्या दातांचं माप घेऊन मऊ प्लॅस्टिकचे दोन पारदर्शक ट्रे करून दिले, एक वरच्या दातांना, एक खालच्या. रोज संध्याकाळी दात घासायचे, ट्रेमध्ये फ्लोराइडच्या जेलची बारीक रेघ ओढायची, दहा मिनिटं ट्रे तोंडात धरायचे, मग जेल थुंकून टाकायचं. चूळ भरायची नाही, अर्धा तास पाणीसुद्धा प्यायचं नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं, सूचनांचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि ट्रेंना नाव दिलं 'नाल'. म्हणाले, "घोडा म्हातारा, नाल नवे."

मुलगा पंधरा पंधरा दिवस बाहेरगावी कामावर असायचा. घरात आबा आणि सून, दोघंच. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांनी सुनेचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्यामुळे आबांच्या दुखण्यात काय करायचं, काय नाही, हे सुनेला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती आपल्या अकलेने करत होती. रोज सकाळी मोरीच्या फळीवरची नालांची डबी उघडून बघायची. नाल ओले दिसले, म्हणजे आबांनी घातले, की तिला बरं वाटायचं.

एकदा तिला सर्दी-खोकला झाला. आपल्यामुळे आबांना काही व्हायला नको, या धास्तीने तिने पेले, चमचे, सगळं उकळलं. आणि त्याच पातेल्यात नालही टाकले. लहान बाळाच्या बाटल्या उकळतात, तसेच हे.

पाच मिनिटांनी झाकण काढलं तर वरचा नाल सुकल्या पानासारखा वळला होता आणि खालचा चमच्याला चिकटून बसला होता.

ते ट्रे बनवायला दोन खेपा पडल्या होत्या, माप घेताना आबांना उलटी झाली होती. लपवावं असं क्षणभर मनात आलं. पण संध्याकाळी आबा डबी उघडणारच होते. तिने ते दोन्ही वाटीत घातले आणि दुकानात गेली.

"आबा, माझ्या हातून घोटाळा झाला."

आबांनी इस्त्री उभी ठेवली. वाटीत बघितलं.

"पाणी कसं होतं?"

"उकळतं."

"कागदावर लिहिलं होतं, गार पाण्यानेच धुवा म्हणून. कागद माझ्या खिशात. तुला कसं कळणार?" मग त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बस जरा. माझाही एक घोटाळा आहे."

ती स्टुलावर बसली.

"महिना झाला, मी हे घातलेच नाहीत. नळाखाली धरायचो आणि डबीत ठेवायचो. तू बघतेस ते माहीत होतं."

तिला राग यायला हवा होता, पण स्वतःचा घोटाळा मांडीवर घेऊन कुणावर रागवायचं?

"का पण, आबा?"

"तिकडे रेडिएशनला एक जाळीचा मुखवटा असतो. प्लॅस्टिकचाच. गरम पाण्यात मऊ करतात आणि तोंडावर दाबून बसवतात. थंड झाला की आपल्या तोंडाच्याच आकाराचा, घट्ट. मग रोज तो घालून तिथल्या झोपायच्या टेबलाला अडकवून ठेवायचे. मान हलवायची नाही, बोलायचं नाही. तेहतीस वेळा." ते घोटभर पाणी प्याले. "हे तोंडात घातलं की दुसऱ्याच मिनिटाला मी त्या टेबलावर असतो."

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंना हिरड्यांच्या कडेला दोन दातांवर खडूसारखे पांढरे डाग दिसले. कीड लागायची ही सुरुवात, म्हणाल्या. आबांनी मुखवट्याचं सगळं त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. "मुखवटा दुसऱ्यांनी अडकवला होता," त्या म्हणाल्या. "हा तुमच्या हातात आहे. नको वाटलं की काढायचा. आधी जेल न लावता, एकच ट्रे, एक मिनिट. मग दोन." दातांचा साचा त्यांच्याकडे जपून ठेवलेला होता, त्यामुळे चार दिवसांत नवे नाल मिळाले.

घड्याळाकडे बघत बसलं की आबांचा जीव घाबरा व्हायचा. म्हणून सुनेनेच सुचवलं, "काम करता करता घाला." पहिल्या दिवशी एक रुमाल होईपर्यंत टिकले. आठवड्याने एक शर्ट. महिन्याभरात दोन्ही नाल, जेलसकट, तीन शर्ट पुरे होईपर्यंत राहू लागले. तीन शर्ट म्हणजे दहा मिनिटं, आबांच्या हाताला ते पक्कं ठाऊक होतं. त्या वेळात गिऱ्हाईक आलं तर सून पुढे व्हायची. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर एकदा सलग दहा मिनिटं जावयाची कागाळी सांगत राहिले. आबा नुसती मान डोलवत होते. "तुमच्यासारखं ऐकून घेणारं माणूस नाही," असं म्हणून पोस्टमास्तर खूश होऊन गेले.

शर्ट संपले की आबा मोरीत जाऊन जेल थुंकायचे, मऊ ब्रशने नाल गार पाण्याखाली घासायचे, फडक्यावर पालथे वाळत घालायचे आणि कोरडे झाल्यावर भोकांच्या डबीत ठेवायचे. सुनेला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "तुझा हात गरम आहे." ती हसायची.

सहा महिन्यांनी तपासणी झाली. एका दातात थोडं भरावं लागलं, दुसरा डाग तिथेच थांबला होता. नवीन काही नव्हतं. बाई हातमोजे काढत म्हणाल्या, "आबा, एक काम कराल का? बाहेर एक शाळामास्तर बसलेत, त्यांचंही रेडिएशन झालंय. त्यांनी ट्रे ड्रॉवरमध्ये टाकलेत, असं घरचे म्हणतात, आणि ते मला रोज घालतो म्हणून सांगतात."

आबा बाहेर आले. मास्तर कोपऱ्यात पाण्याची बाटली धरून बसले होते. सुनेने शेजारची खुर्ची रिकामी करून दिली. आबा बसले, त्यांनी आपल्या बाटलीतून एक घोट घेतला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मीपण महिनाभर घालत नव्हतो."

मास्तरांनी मान वर केली.