गुरुवारची गणितं

लेउवार्डन या डच शहरातल्या एका शाळेत हिल्काबाई बारा वर्षांच्या मुलांना शिकवत. कोणी विद्यापीठाच्या वाटेने जायचं आणि कोणी हातकामाच्या शाळेत, याची शिफारस बाईंनीच लिहायची. यील्डूच्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, हातकामाची शाळा.

"पोरगी गुणी आहे, पण डोकं चालत नाही," त्या शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या. कॉफी ओतणाऱ्या शिपाई श्यौकेमावशी थबकल्या.

"गुरुवारी पण नाही चालत?"

"गुरुवारचं काय?"

"गुरुवारी सकाळी ती माझ्याबरोबर खुर्च्या लावते. मी तिला चीज घालून पाव देते. वह्या काढून बघ की!"

बाईंनी चार महिन्यांच्या वह्या काढल्या. गुरुवारची गणितं बहुतेक बरोबर; एरवी निम्मी चुकलेली!

"अहो, पण डबा तर ती रोज माझ्यासमोर खाते."

"झाकण उभं धरून खाते, ते नाही दिसलं? आत दोन बिस्किटं, नाहीतर तीही नाहीत."

"एका पावाने हुशारी येते होय, मावशी?"

"येत नाही गं. असलेली तरी बाहेर येते! आई पहाटे चारला साफसफाईला जाते. घरात पोरीशी बोलायला, 'असं का?' विचारायला आहे कोण? तू रिकाम्या पोटाला मार्क दिलेस, हिल्का, आणि नाव लावलंस डोक्याचं!"

बाई मुख्याध्यापकांकडे धावल्या.

"शिफारस बदलायची मुदत काल संपली," ते म्हणाले. "वर्षअखेरच्या चाचणीचे गुणही शिफारशीला धरूनच आलेत."

चाचणी सोमवारी झाली होती.

संध्याकाळी यील्डूची आई कामाच्या कोटातच आली. बाईंनी सगळं सांगून माफी मागितली. आईच त्यांना धीर देऊ लागली. "राहू द्या हो बाई. आमच्या घरात कुणालाच डोकं नव्हतं. माझ्यावर गेलीय ती."

"तुम्ही लहानपणी सकाळी काय खायचात?"

आईने आठवून पाहिलं. बराच वेळ तिला काहीच आठवेना.

पुढच्या सोमवारपासून बाईंच्या वर्गात पहिला अर्धा तास दूध, पाव आणि गप्पांचा झाला. यील्डूची शिफारस मात्र बदलली नाही.

वाचकहो, बुद्धी थोडी जन्माबरोबर येते. पुढे ती घरच्या ताटात आणि घरच्या बोलण्यात वाढते किंवा खुरटते. एखाद्या मुलाला ढ म्हणण्याआधी ते सकाळी काय खाऊन आलं आणि त्याच्याशी कोण बोललं, एवढं तरी आपण विचारू या. मुदत संपण्याआधी!