जांभळ्या दिव्याची साक्ष

मित्रांनो, माझ्यावर फार विसंबू नका. मी एक जुना जांभळा दिवा आहे आणि संशय घेणं हेच माझं काम. मिसिसिपीतल्या एका लहानशा गावात व्हर्लीन स्टब्ज आणि तिचा मुलगा डॉर्सी यांचं दुकान आहे. लोक तिथे पगाराचे चेक वटवतात, पगाराला अवकाश असेल तर उचल घेतात. जाड काचेमागे मी बसतो. खऱ्या चेकचा कागद माझ्या उजेडात मुका, काळसर राहतो. साधा कागद निळापांढरा झगझगतो.

कारखान्यातून आलो त्याच महिन्यात मी एक बनावट चेक पकडला. व्हर्लीनने मला कौतुकाने थोपटलं. केवढा फुगलो होतो मी! त्यानंतर अकरा वर्षं माझाच शब्द अखेरचा. माझ्यावरची धूळ पुसायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

गावात मासे कापायचा कारखाना आहे. शुक्रवारी तिथले चेक येतात, त्यांना मांगूर माशाचा वास असतोच. म्हणून डॉर्सी चेक आधी हुंगतो, मग माझ्याखाली धरतो.

एका शुक्रवारी ओझेला टेट आली. वीस वर्षं मासे कापणारी बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मेम्फिसला तिच्या मुलाचं लग्न, बस आज संध्याकाळी साडेपाचची, आणि तिकिटाला पैसे म्हणजे हातातला तो चेक.

डॉर्सीने चेक हुंगला. वास नाही. माझ्याखाली धरला, तर तो लख्ख निळापांढरा झगझगला.

"मावशी, हा कुठून आणलात?"

"चर्चच्या दानपेटीतून उचलला. अरे, कारखान्यातून, आणखी कुठून?"

"मग वास कसा नाही?"

"काल मिळाला, एप्रनच्या खिशात राहिला नि एप्रनाबरोबर धुतला गेला. लग्नात मासळीबाजार होऊन जाऊ का मी?"

"सगळे असंच काहीतरी सांगतात."

कारखान्याचं ऑफिस चारलाच बंद झालेलं. फोन कुणी उचलेना. व्हर्लीन आतून आली. "आमचा दिवा खोटं बोलत नाही, ओझेला."

"मी बोलते का? चर्चमध्ये वीस वर्षं शेजारी बसतेस माझ्या."

खिडकीबाहेरून मेम्फिसची बस निघून गेली. ओझेलाने व्हर्लीनकडे पाहिलं.

चेक परत द्यायला व्हर्लीनने हात पुढे केला. तिच्या पांढऱ्या शर्टाची बाही माझ्या उजेडात आली आणि थेट त्या चेकसारखीच निळीपांढरी पेटली.

"डॉर्सी," ओझेला म्हणाली, "आता आईलाही पोलिसात देतोस का?"

व्हर्लीनने बाही मागे घेतली, पुन्हा पुढे केली. मग चेक नाकाशी धरला. "साबण," ती पुटपुटली.

तिने माफी मागितली नाही. नोटा मात्र मोजून काचेखालून सरकवल्या, अगदी दोनदा मोजून, आणि ट्रकची किल्ली डॉर्सीपुढे टाकली. "मेम्फिस. आत्ता. आणि वाटेत मावशीला एकही प्रश्न विचारायचा नाही."

मित्रांनो, मला चमक दिसते, लबाडी दिसत नाही. साबणही चमकतो का, हे मला अकरा वर्षं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. संशय घ्या, घ्यावाच लागतो. पण कुणावर माझ्यासारखा दिवा रोखाल, तेव्हा आधी स्वतःची बाही त्याच्याखाली धरा.