बांधापलीकडची ओळ

रूपेशला कॉम्प्युटरची सी भाषा येत नव्हती, यात त्याच्या डोक्याचा दोष किती आणि बांधाचा किती, हे ठरवणं अवघड आहे. डोक्याचा होताच, उगाच खोटं कशाला बोला. पण बांधाचाही होता.

त्याचं असं आहे, पोशीरच्या गावठाणातून रस्त्याला लागायचं तर भातशेतांतून जावं लागतं. रूपेशचा बाप दशरथ आणि शेजारचा भिवाजी, या दोघांच्या शेतांमधल्या बांधावरून ही वाट जाते. बांध एवढा अरुंद, की एका पावलापुढे दुसरं पाऊल मांडतच जायचं. भिवाजीची मुलगी हर्षला रूपेशच्याच वर्गात होती, कर्जतला, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ती हुशार. रोज सकाळी ती पुढे, हा मागे, आणि चालता चालता ती त्याला आदल्या दिवशीचं लेक्चर समजावून सांगायची. आता पुढे तोंड करून बोलणाऱ्याचं मागच्याला ऐकू येणार किती? निम्मं वारा न्यायचा, उरलेलं पाय घसरू नये म्हणून खाली बघण्यात जायचं. बांधाला मध्यावर चांगलाच वाक होता. तिथे ती वळली, की तिचं तोंड याच्या बाजूला व्हायचं आणि दोनचार वाक्यं नीट ऐकू यायची. त्यामुळे पॉइंटर म्हणजे काय, ते रूपेशला वाकापुरतंच कळलं होतं.

पॅराडाइमचं मात्र त्याला जमलं होतं बरं का. रोहिणी मॅडमनी सांगितलं, प्रोग्राम लिहायच्या निरनिराळ्या तऱ्हा असतात. एकीत यंत्राला पायरीपायरीनं हुकूम सोडायचे. दुसरीत नुसतं काय हवं ते सांगायचं, कसं करायचं ते यंत्रानं बघायचं. रूपेशला हे घरचंच वाटलं. दशरथ पहिल्या तऱ्हेचा. ऊठ, फावडं घे, बांधाला जा, पाणी फोड. मधली एखादी पायरी सांगायची राहिली तर रूपेश तिथेच उभा राहायचा आणि शिव्या खायचा. आई जिजा दुसऱ्या तऱ्हेची. ती म्हणायची, मी घरी आले की सरपण रचलेलं दिसलं पायजे. कुठून आणायचं, कसं रचायचं, तुझं तू बघ. हे त्यानं चाचणीच्या पेपरात जसंच्या तसं लिहिलं, आणि मॅडमनी समासात हसरा चेहरा काढला. बाकीचा पेपर लाल होता.

घोडं अडलं मेमरीपाशी. रोहिणी मॅडम तळमळीनं शिकवणाऱ्या, एकेका गोष्टीला उदाहरण देणाऱ्या. त्या म्हणाल्या, मेमरी म्हणजे ओळीनं लावलेले लॉकर, प्रत्येकाला नंबर. तुम्ही दहा मागितलेत, दहा मिळाले, त्याला अॅरे म्हणायचं. आता अकराव्यात सामान ठेवलंत तर काय होईल? रूपेशनं हात वर करून विचारलं, अकरावा उघडेलच कसा, त्याला दुसऱ्याचं कुलूप असणार ना? मॅडम म्हणाल्या, कुलूप नाही असं समज. हा म्हणाला, मग तो लॉकर कसला? सगळा वर्ग हसला. मॅडमना वाटलं पोरगं टिंगल करतंय, पण तो अगदी मनापासून विचारत होता. त्या कुलपाच्या पुढे त्याला जाताच येईना.

चाचण्या दोन्ही गेल्या. आता राहिली होती ओरल. ओरल गेली की विषय गेला, आणि आधीचे राहिलेले विषय धरून वर्षही गेलं. वर्ष गेलं तर कॉलेज बंद, असं दशरथनं जाहीर करून टाकलं होतं. खालापूरला नामामामाचा टेंपो होता, त्यावर क्लीनर म्हणून जायचं. नामामामा माणूस लाखाचा, पण रूपेशला तिथे जायचं नव्हतं. वरवर तो बेफिकिरी दाखवायचा, म्हणायचा गेलं तर गेलं. पण आपण लिहिलेली चार ओळींचा प्रोग्राम स्क्रीनवर चालला, की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. टोलनाक्याशी उभं राहून टेंपोच्या काचा पुसायच्या, या विचारानं त्याला खरोखर रडू यायचं.

ओरल आली ऐन भात पिकल्यावर. त्या दिवशी बांधाच्या दोन्ही अंगांना लोंब्या वाकल्या होत्या आणि हर्षला पुढून घोकून घेत होती. लॅबमध्ये कॉम्प्युटर कमी, म्हणून दोघांत एक मशीन, आणि ओरलही जोडीनंच. मॅडमनी जोड्या लावताना एक हुशार आणि एक उरलेला असा हिशेब धरला होता. त्यामुळे हर्षला आणि रूपेश शेजारी शेजारी बसले. परीक्षक खालापूरकडच्या एका कॉलेजातले, वयस्कर, सकाळपासून तीच ती उत्तरं ऐकून वैतागलेले. त्यांनी हर्षलाला विचारलं, तिनं फाडफाड सांगितलं. मग ते रूपेशकडे वळले. अॅरेच्या हद्दीबाहेर लिहिलं तर काय होतं?

रूपेश अॅरेपर्यंत आला आणि तिथेच अडला. मॅडमनी हळूच लॉकर म्हटलं, त्यानं आणखीच घोळ झाला, कारण डोळ्यांसमोर कुलूप आलं. परीक्षकांनी कंटाळून विचारलं, गाव कोणतं? पोशीर. शेती आहे का? आहे. मग शेतावरचंच काहीतरी घे आणि तुझ्या भाषेत सांग, म्हणाले.

रूपेश सांगू लागला.

"सर, समजा शेतात भाताच्या धा ओळी बसतात. पुढं बांध. लावणीच्या टायमाला बांध जरा कोरला, का अकरावी बसते. ती शेजाऱ्याच्या जागंत गेली."

"मग? कोणी अडवत नाही?"

"नाय सर. बांधाला कुलूप कुठं असतं?"

असं म्हणाला आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मग तो थांबेना. सी भाषाही अशीच सर, ती म्हणते लाव, हद्द बघायचं काम तुझं. त्या दिवशी काय व्हत नाय. भात उगवतं, वाऱ्यावर डोलतं, प्रोग्राम चालल्यासारखा दिसतो. शेजाऱ्याचं काय गेलं ते त्यालाही कळत नाय. कापणी झाल्यावर त्याचं भात कमी भरतं आणि तो बियाण्याला शिव्या देतो, नायतर खताला. चूक एकीकडं आणि बोंब भलतीकडं. परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना मजा येत होती. एकदम किती कोरता, म्हणून त्यांनी हौसेनं विचारलं.

"एकदम नाय सर, कळंल ना. बाबा दर सालाला चार बोटंच..."

बाबा हा शब्द तोंडातून सुटला आणि रूपेश गप्प झाला. शेजारी हर्षलाच्या पेनाची टिकटिक चालली होती, तीही थांबली.

परीक्षकांना यातलं काय ठाऊक. ते गुणांच्या कागदावर पेन टेकवून विचारते झाले, कुठे कोरतात? रूपेशच्या एका अंगाला तो कागद, दुसऱ्या अंगाला हर्षला. अख्खा पावसाळा पुढे चालत तिनं घसा कोरडा केला होता, तो याच्यासाठीच. आता नुसतं म्हणायचं, कुठे नाही सर, उदाहरण म्हणून बोललो. मॅडमसुद्धा तेवढ्यावर सोडायला तयार होत्या.

"आमच्या गोठ्यापाशी, सर," रूपेश म्हणाला.

हे तो खरेपणानं बोलला की मार्कांसाठी, ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. परीक्षकांनी मात्र पास झालास म्हणून तिथेच सांगून टाकलं आणि हर्षलाकडे वळून शेवटचा प्रश्न टाकला, हा प्रकार टाळायचा कसा?

"लिहायच्या आधी हद्द तपासायची, सर," हर्षला म्हणाली. "आधी राहिली असेल तर आज संध्याकाळी."

परतीच्या रिक्षात ती ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. बांधावर भरभर पुढे चालली. वाकाशी आल्यावर तिनं बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, म्हणजे तोंड दिसायला नको. पास झाल्याचा आनंद रूपेशला बांधावरच सांडल्यासारखा झाला.

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं. दशरथ कडाडला, तुला शिकायला धाडला का घरचं वेशीवर टांगायला? त्यावर जिजानं एवढंच विचारलं, पास झाला ना? झाला म्हटल्यावर तिनं पोराच्या हातावर साखर ठेवली आणि नवऱ्याला बजावलं की ती पोर आली तर भांडण झालेलं मला दिसलं नाय पायजे. ते कसं जमवायचं, तुमचं तुमी बघा. दशरथ गोठ्यात जाऊन बैलाला नको तेवढा खरारा करत बसला.

उन्हं कलली तशी हर्षला आली. हातात सुतळीचा गुंडा, मागे भिवाजी. आता ज्याची जमीन गेली तो माणूस तावातावानं यायला हवा की नाही? पण भिवाजी पाय ओढत येत होता. शेजारधर्म असतो गं, चार बोटांनी कोण मरतंय, दशरथ काय परका हाय का, असं त्याचं चाललं होतं. दशरथला भरून आलं. एवढा मोठ्या मनाचा शेजारी आपल्याला लाभला, हे त्याला इतकी वर्षं कळलंच नव्हतं. हर्षलाला तर बापाच्या चांगुलपणाचा राग आला.

हद्दीचे दगड दोन, बांधाच्या दोन टोकांना. गोठ्याकडचा गवतात सापडला. दुसरा रस्त्याकडे, भिवाजीच्या काकडीच्या मांडवाखाली. तिकडं नको जाऊ, साप हाय, असं भिवाजी म्हणाला, आणि एकदा नव्हे, परत परत म्हणाला. हर्षला मांडवात शिरली. साप नव्हता. दगड होता, पण मांडवाच्या कडेला असायला हवा तो पार मधोमध होता.

तिनं सुतळी बांधली आणि रूपेशनं ती गोठ्याकडच्या दगडापर्यंत ताणली. लोंब्यांच्या वरून सुतळी सरळ गेली, बांध मात्र सरळ गेला नाही. गोठ्याकडचा अर्धा बांध भिवाजीच्या बाजूला ढकललेला, रस्त्याकडचा अर्धा दशरथच्या बाजूला. जो तो आपापल्या टोकाला, दुसऱ्याला दिसणार नाही असा, वर्षानुवर्षं कोरत आलेला. बांधाला वाक आहे तो पहिल्यापासूनचाच, असं अख्खं गाव समजत होतं.

दशरथनं सुतळीवरून नजर पार मांडवापर्यंत नेली.

"भिवाजी," दशरथ म्हणाला, "तुजी काकडी माज्या शेतात हाय रं."

"आन् तुजं गोठ्याकडचं भात माज्यात," भिवाजी म्हणाला. "गेल्या साली तूच दिलीस ना मला त्यातली पायली, चव बघायला."

दशरथला आधी हसू फुटलं, मग भिवाजीला. दोघे बांधावर बसून पोटं धरून हसले, आणि बांध एवढा बारीक की बसताना एकमेकांना धरावं लागलं. हर्षलाला मात्र हसू येईना. दुपारपासून आपण कुणावर फणफणत होतो, या विचारानं तिचे कान लाल झाले होते. ती सुतळी गुंडाळत रूपेशपाशी आली आणि खाली बघून म्हणाली, "तू अर्धंच सांगितलंस आणि पास झालास. पूर्ण ठाऊक असतं तर पहिला आला असतास." रूपेशला इतकं बरं वाटलं की हातातलं सुतळीचं टोक सोडायचंच तो विसरला.

कापणी झाली, दिवाळी झाली, आणि दोन्ही बापांनी फावडी उचलली. हर्षलाची सुतळी वर ताणलेली, आणि जिजानं सांगून ठेवलेलं की मला बांध सरळ झालेला दिसला पायजे. तू जास्त कोरलास की मी, यावर दोघे रोज वाद घालायचे, पण माती टाकायचे. झाला शेवटी.

पुढच्या सत्राच्या पहिल्या दिवशी दोघे कॉलेजला निघाले. शेतं मोकळी होती, कुठूनही आडवं जाता आलं असतं. पण ते बांधावरूनच गेले. आता तिथे दोघांना शेजारी शेजारी चालता येत होतं, आणि वाक काही उरला नव्हता. हर्षला नवा विषय सांगत होती. रूपेशला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला, आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं त्याला तरीही कळलं नाही. पण त्यानं तिथेच विचारलं, आणि ती थांबून परत पहिल्यापासून सांगायला लागली.