किमचीचा दगड

"आज दगड पडला तर हे काम बंद," आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, प्राध्यापक योम म्हणाले.

पाच वर्षं मी शिंपल्याचा डिंक बनवत होते. शिंपल्याच्या पायातल्या चिकट प्रथिनाचं जनुक जिवाणूंत घालायचं आणि त्यांच्याकडून ते प्रथिन करवून घ्यायचं. ओली जखम चिकटवणारा डिंक! पण समुद्राच्या पाण्यात कालवला की तो तपकिरी व्हायचा. डुकराच्या कातडीचे चिकटवलेले दोन तुकडे सुटायचे आणि खाली टांगलेला दगड टाकीत धप्पकन पडायचा.

दगड ओकबुन मावशीचा, किमचीसाठी बरणीत मुरत घातलेला कोबी दाबायचा. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, योसूच्या खाडीत तिची शिंपल्यांची शेती. माझ्यासाठी डुकराची ताजी कातडी आणि बरणीभर जिवंत शिंपले घेऊन ती सकाळीच आली होती. तिनं माझ्या डिंकात डोकावून पाहिलं.

"हेवॉन, हे तर कापलेल्या सफरचंदासारखं झालंय गं!"

"ऑक्सिजननं होतं, मावशी. रंग बदलला की पकड गेली."

"मग खाऱ्या पाण्यात कालवतेस कशाला?"

"शिंपला समुद्रातच चिकटतो ना!"

मावशी फिस्सकन हसली. "एवढी शिकलीस, पण शिंपल्याकडे कधी नीट बघितलं नाहीस. आधी तो पाय गच्च दाबतो, खालचं पाणी हाकलतो, मग धागा सोडतो. समुद्रात कुठला? स्वतःच्या पायाखाली चिकटतो तो!"

मी ताडकन उठले. आम्लता दाखवणारा कागद बरणीत काचेला लावला. एका शिंपल्यानं नेमका त्यावरच पाय रोवला. पाय उचलला तेव्हा तेवढाच ठिपका लाल!

"आंबट! मावशी, तो पायाखाली आंबट करतो! आंबटात ऑक्सिजनचं काही चालत नाही, म्हणून डोपा टिकतो!"

"डोपा कोण?"

"डिंकातला पकड घेणारा भाग गं! पाय उचलला की खारं पाणी लागतं, मग डिंक घट्ट होतो!"

ताजा डिंक मी सौम्य आम्लात कालवला, दोन कातड्यांमध्ये लावला, टाकीत सोडला. दुपारी प्राध्यापकांनी दगड टांगला. दगड हलला, फिरला आणि तसाच लटकत राहिला. मी रडत रडत मावशीला मिठी मारली.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "दगड दे बाई! कोबी वर तरंगतोय."

प्राध्यापकांनी फोन माझ्या हातातून घेतला. "मावशी, नवा दगड मी आणून देतो. हा अजून पडलेला नाही."